नऊ मीटरवरचा चिखल

१

तक्ता कपाटातच होता. आपल्या खणात, आपल्या क्रमांकावर, अगदी जागच्या जागी. तरीही तो टेबलावर पसरला आणि नकाशेबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

बंदराच्या दप्तरखान्यात त्यांना अठ्ठावीस वर्षं झाली होती. हमालांपासून बंदरप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना नकाशेबाईच म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं. नदीच्या मुखाशी वसलेलं ते गाव. वरून नदी गाळ आणून ओतायची आणि खालून समुद्र तो परत आत ढकलायचा. त्यामुळे जहाजांच्या वाटेवर पाणी किती खोल आहे, हे दर तीन महिन्यांनी मोजावंच लागे. मोजणीची बोट जायची, दोरीला बांधलेला शिशाचा गोळा तळाशी सोडायची. गोळ्याच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरतात. चरबीला जे चिकटून येईल तो तळ. म्हणून तक्त्यावर प्रत्येक आकड्याशेजारी लिहिलेलं असतं: चिखल, वाळू, शिंपले, दगड. हा तक्ता बाईंकडे यायचा. बाई तो मागच्या तक्त्याशी ओळ न् ओळ ताडून बघायच्या आणि मग शिक्का मारायच्या, अर्धा तक्त्यावर आणि अर्धा आवक वहीच्या पानावर. बाईंचा शिक्का पडला की पायलट डोळे मिटून त्यावर विसंबायचे.

तीन आठवड्यांपूर्वी धान्याचं एक मोठं जहाज जुन्या दीपगृहाच्या वळणावर रुतलं. मोठ्या खटपटीनं ते ओढून काढलं, पण तेव्हापासून वाट बंद होती. बाहेर अकरा जहाजं नांगर टाकून उभी, धक्क्यावर क्रेन गप्प, गोदामांच्या पायऱ्यांवर हमाल हात बांधून बसलेले. परक्या जहाजावर चढून ते बंदरात आणणं हे पायलटचं काम. त्या दिवशीचा पायलट होता बाईंचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून बाईंनीच त्याला वाढवलं होतं. आज दुपारी तीनला चौकशीची शेवटची बैठक होती, आणि त्याचा परवाना राहणार की जाणार ते तिथे ठरणार होतं.

अपघाताच्या संध्याकाळीच बंदरप्रमुखांनी त्या खणाला सील ठोकलं होतं. आज सकाळी साडेआठला त्यांनी ते स्वतःच्या हातानं तोडलं.

"वळणावर नऊ मीटर, मऊ चिखल," त्यांनी चष्मा सावरत वाचलं. "जहाजाचं बूड पाण्याखाली आठ मीटर. म्हणजे वाटेच्या मधोमध असतं तर रुतलं नसतं. तुमच्या भावानं ते बाजूला नेलं, दुसरं काय!"

"साहेब, हा तो तक्ता नाही," बाई म्हणाल्या. "बदललाय कुणीतरी. वळणावर सात होते. मला पक्कं आठवतंय."

"नक्की?"

"अठ्ठावीस वर्षांत न तपासता एक शिक्का मारला नाही मी."

प्रमुखांनी तक्ता गुंडाळला, आवक वहीही काखेत मारली आणि दाराशी जाऊन थांबले. "बाई, सात असतील तर सातात आठ मीटरचं जहाज घातलं कसं त्यानं? आणि सातचे नऊ करून कुणाची कातडी वाचते, याचाही विचार करा. तीन वाजेपर्यंत वेळ आहे."

आपण भावाला सोडवायला गेलो आणि त्याच्याच गळ्यात फास टाकला, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं.

२

तक्ता आला सोमवारी, जहाज रुतलं शुक्रवारी. त्या पाच दिवसांत दप्तरखान्यात चौघं येऊन गेले होते. बंदराचा इतिहास लिहिणारे प्राध्यापक तीन सकाळी बसले होते. गाळ उपसणारा ठेकेदार, ज्याला सगळे गाळशेठ म्हणत, तो बुधवारी आला होता. मोजणीसाहेब गुरुवारी. आणि शुक्रवारी पहाटे जहाजावर जाण्याआधी तक्ता बघायला धाकटा. बाईंनी खण उघडून दिला होता, चहा सांगायला त्या बाहेर गेल्या होत्या, आणि तो आत एकटा होता.

पायलटांच्या खोलीत तो खिडकीशी बसला होता. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही.

"खरं सांग मला," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तक्त्यावर किती वाचलेस? सात की नऊ?"

"ताई, तक्त्याचा नाद सोड तू."

"का सोडू?"

"मी मधोमध होतो एवढंच सांगतो. आठ वर्षं मधोमधच चालतोय."

"अरे पण सात वाचून आठाचं जहाज नेलंस का? प्रमुखांना तोच संशय आहे!"

त्यानं वर पाहिलं. रागावलाय की घाबरलाय, काही कळेना. लहानपणी काचेची बरणी फोडून गप्प बसायचा, तसा तो गप्प बसला. बाईंच्या मनात आलं: यानंच तर तक्ता बदलला नसेल? पोरगा आपलाच, नस न् नस ओळखीची, पण आज ताकास तूर लागू देत नव्हता.

"तुझा माझ्यावर विश्वास नाही ना?" तो म्हणाला.

तो उठला आणि दार लोटून निघून गेला.

३

मोजणीसाहेब दगडी धक्क्यावर भेटले. सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या बंदरातून बदलून आलेला हा तरुण गृहस्थ. कपडे परीटघडीचे, अक्षर छापल्यासारखं. खाली तरंगत्या फळीवर त्यांचा बोटवाला सहीसाठी कागद घेऊन उभा होता. साहेबांनी त्याला वर बोलावलं. त्याच्या दोन्ही हातांत सामान होतं, म्हणून तो म्हणाला, "साहेब, दोन पायऱ्या उतरा की!" साहेब उतरले नाहीत. शेवटी तो बिचारा सामान ठेवून वर आला.

बाईंनी आडवळण घेतलं नाही. "तुमच्या तक्त्यावर वळणाला सात होते ना हो? आता तिथे नऊ आहेत."

साहेबांनी रुमालानं कपाळ टिपलं. वारा चांगला गार होता.

"सात," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "हो, हो, सातच! बरं झालं तुम्हाला आठवतंय ते. सात मीटर, मऊ चिखल. चरबीला चिकटून आलेला चिखल मी या डोळ्यांनी पाहिला. तुमचा संशय बरोबर आहे बाई, तक्ता बदललाय. ते प्राध्यापक दिवसदिवस बसतात तुमच्याकडे. जुने कागद, जुनी शाई, सगळं त्यांना कळतं. अर्थात..." त्यांनी आवाज उतरवला, "तुमच्या भावालाही गरज होतीच."

एवढ्या चटकन आपल्या बाजूनं बोलणारा माणूस बाईंना बंदरात आजवर भेटला नव्हता. इथे एक दोरी मागितली तरी तीन सह्या लागतात. कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्यांना वाटलं. पण कुठे, ते कळत नव्हतं. घड्याळात साडेदहा झाले होते.

४

प्राध्यापकांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. दार उघडल्याबरोबर त्यांनी बाईंना बसूसुद्धा दिलं नाही.

"माझ्यावर संशय? वा! एक जुना कागद चुकून घरी आला होता माझ्या, तो तुम्हीच परत नेलात, आठवतं? तेव्हापासून कागद चोरणारा म्हणून बघता तुम्ही माझ्याकडे."

"चुकून आला होता की आणला होता, ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "त्या तीन दिवसांत तुम्ही काय बघत होता?"

"दगड."

"दगड?"

मग मात्र त्यांची कळी खुलली. त्यांनी बाईंना हाताला धरून खिडकीशी नेलं आणि खालची गल्ली दाखवली. "ही काळी फरसबंदी बघता ना रोज? असा दगड या किनाऱ्यावर शंभर कोसांत नाही. शिडाची जहाजं इथे लाकूड आणि धान्य भरायला यायची. येताना रिकामी. रिकामं जहाज वाऱ्यात कलंडतं, म्हणून तळात दगड भरायचे. नीरम म्हणत त्याला. इथे पोहोचले की दगड बाहेर, माल आत. चांगले दगड गावानं रस्त्याला वापरले. बाकीचे रातोरात कुठे टाकत असतील? जुन्या दीपगृहाच्या वळणावर! दंड होता त्याला, तरी टाकायचे. साठ-सत्तर वर्षं टाकले. मग त्यावर गाळ बसला आणि सगळे विसरले. आपलं गाव या दगडांवर उभं राहिलं बाई, पण दप्तरात एक ओळ नाही!"

"म्हणजे चिखलाखाली दगडांचा थर आहे? किती खोलीवर?"

"ते मला नाही माहीत. ते पाण्यात हात घालणाऱ्याला विचारा."

पाण्यात हात घालणारा म्हणजे गाळशेठ. त्याचा ड्रेजर आतल्या गोदीत दुरुस्तीला लागला होता, आणि शेठ स्वतः मिस्त्र्याच्या नावानं शंख करत उभा होता. बाईंना बघून त्याचा पारा आणखी चढला.

"या! आता तुमचीच कसर होती. माझ्यावर ढकलणार ना? नऊ मीटर करायचं काम घेतलं होतं मी. नाही झालं. करू कुठून? हे बघा!"

त्यानं ड्रेजरची प्रचंड लोखंडी बादली दाखवली. तिच्या ओठाचे पाच दात मुळापासून तुटलेले होते.

"साडेसात मीटरवर खडखडाट. वरचा चिखल मी पार खरवडून काढला, खाली निव्वळ दगड! एक कणसुद्धा चिखल नाही. काम थांबवलं आणि प्रमुखांच्या कचेरीत पत्र दिलं, दगड फोडायचं यंत्र लागेल म्हणून. ही पोच बघा. दीड महिना झाला, उत्तर नाही! बुधवारी तुमच्याकडे आलो होतो तो तेच विचारायला, की माझं पत्र तुमच्या दप्तरात तरी आलंय का."

बाईंनी पोचेवरची तारीख वाचली. मग पुन्हा वाचली. मोजणीच्या तारखेच्या बारा दिवस आधीची होती ती.

"शेठ, मोजणीसाहेबांना सांगितलं होतंत?"

"त्यांना कुठे गाठू? पाण्यावर दिसतात का कधी?" शेठ फस्सकन हसला. "बोट गोदीच्या तोंडाशी जाते, लाट लागली की फिरते माघारी. पोटात ढवळतं म्हणे त्यांच्या."

बाई हसल्या नाहीत. त्या तडक दप्तरखान्याकडे निघाल्या.

५

दुपारी एकला त्या दप्तरखान्यात दार लावून बसल्या आणि सगळं पहिल्यापासून जुळवायला लागल्या.

मोजणीच्या बारा दिवस आधीच वळणावरचा चिखल गेला होता. खाली साडेसातवर उघडा दगड. आठ मीटरचं जहाज मधोमध नेलं तरी त्यावर बसणारच. धाकटा खरं बोलत होता, अक्षर न् अक्षर खरं. बाईंना आनंदापेक्षा लाज जास्त वाटली.

मग मोजणीसाहेब म्हणाले ते काय? सात मीटर आणि मऊ चिखल, या डोळ्यांनी पाहिला! तिथे चिखल नव्हताच. चरबी रिकामी वर आली असती, दगडाचे ओरखडे घेऊन. ज्यानं तिथे गोळा सोडला तो चिखल म्हणणारच नाही. हा माणूस तरंगत्या फळीवर पाय ठेवायला तयार नाही, तो वळणापर्यंत गेलाच नव्हता. कचेरीत बसून त्यानं मागच्या तक्त्यावरून तळ उतरवला आणि शेठला दिलेल्या कामाच्या हुकुमावरून खोली. हुकूम नऊचा होता. शेठनं नऊ केलेच असतील, हे गृहीत!

म्हणजे त्यानं पहिल्यापासून नऊच लिहिले होते. सात त्याला बाईंनी आयते पुरवले, आणि नऊच्या खोट्यातून सुटायला त्यानं ते उचलले.

आणि मग तक्ता बदलायची कुणाला गरजच काय होती?

मागच्या पंधरा वर्षांच्या प्रत्येक तक्त्यावर वळणाला सात होते. आपल्याला आठवत होते ते सात तिथलेच. या तक्त्याचं आठवतंय ते एवढंच, की सोमवारी संध्याकाळी तो आला. किती नेटका, एक डाग नाही, एक खाडाखोड नाही. बघूनच मन प्रसन्न झालं होतं. मागचा तक्ता काढून शेजारी ठेवल्याचं मात्र काही केल्या आठवेना. एका खेपेत सात मीटर चिखलाचे नऊ मीटर चिखल झालेले बघून कुणीही पायलटला हाक मारली असती. त्यांनी मारली नव्हती.

दारावर थाप पडली. धाकटा होता. बाईंनी त्याला बसवलं आणि सांगितलं, "तू नऊ वाचलेस. शुक्रवारी सकाळी तक्त्यावर नऊच होते."

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"आणि त्यावर माझा शिक्का होता, म्हणून तू तीन आठवडे तोंड उघडलं नाहीस."

"नोकरीची चार वर्षं राहिलीत तुझी, ताई," तो म्हणाला. "माझं काय, जहाजं ओढणाऱ्या टगवर हेल्पर म्हणून कुणीही ठेवील मला. तू मात्र... सगळं गाव तुझ्या शिक्क्याची शपथ घेतं. तो खोटा पडलेला मला बघवला नसता."

"गाढवा!" बाई ओरडल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "मी सकाळी तुझ्यावर संशय घेतला रे. तुझ्यावर!"

"कळलं होतं मला ते," तो म्हणाला. "हे बघ, तक्ता बदललाय असंच म्हणत राहा. प्राध्यापक काय, मी काय, कुणावरही येऊ दे. तुझ्यावर येणार नाही."

पावणेतीन वाजले होते. बाईंनी नळावर तोंड धुतलं आणि पदर नीट केला.

६

बैठकीच्या खोलीत लांब टेबल. एका टोकाला बंदरप्रमुख, शेजारी लेखनिक. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर मोजणीसाहेब, शेठ, प्राध्यापक आणि धाकटा.

"काय बाई, सापडला चोर?" प्रमुख म्हणाले.

"आधी मोजणीसाहेबांना विचारा, वळणावर त्यांना काय सापडलं ते. आणि लिहून घ्या."

साहेब उभे राहिले. "सात मीटर. मऊ चिखल. मी स्वतः मोजलंय."

"आता शेठचं पत्र वाचा. तुमच्याच कचेरीत असेल. नसेल तर ही पोच."

शिपाई धावला. पंधरा मिनिटांनी पत्र एका गठ्ठ्याच्या बुडातून निघालं. प्रमुखांनी ते वाचलं, तारीख पाहिली, आणि त्यांचे कान लाल झाले. "चिखल पूर्ण काढला, साडेसात मीटरवर सलग दगड," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "मोजणीच्या बारा दिवस आधी. मग साहेब, तुम्ही चिखल पाहिलात तो कुठल्या बंदरात?"

साहेब आधी म्हणाले, गाळ परत बसला असेल. शेठनं विचारलं, बारा दिवसांत? मग म्हणाले, बोटवाल्यानं चूक केली असेल. प्रमुख म्हणाले, बोलवा बोटवाल्याला. तेव्हा साहेब खाली बसले. "बोटीत मला उभं राहवत नाही," ते पुटपुटले. "गोदीच्या तोंडापर्यंतचं सगळं खरं मोजलंय. फक्त वळण... एवढ्या वर्षांत तिथे काही बदललं नव्हतं." बाईंना त्यांचा संताप आला होता, पण त्या शेवटच्या वाक्यानं त्यांची मान खाली गेली.

"पण नऊचा हा तक्ता?" प्रमुखांनी विचारलं. "सातचे नऊ केले कुणी?"

साहेबांनी एकदम वर पाहिलं. "ते मला माहीत नाही! माझ्या तक्त्यावर सातच होते. हा बदललेला आहे, बाईंनीच सांगितलं सकाळी."

आता प्रमुखांची नजर धाकट्याकडे वळली. आणि धाकट्यानं बाईंकडे पाहून अगदी किंचित मान हलवली: नको.

"साहेब," बाई म्हणाल्या, "आवक वही उघडा. सोमवारचं पान. त्यावर अर्धा शिक्का आहे. तक्ता त्याला लावा."

प्रमुखांनी वहीचं पान सपाट केलं, तक्त्याची कड त्याला भिडवली आणि बोटानं हळूहळू सरकवली. शिक्क्याची गोल रेघ रेघेला मिळाली. शाईचा एक फराटा उठला होता, तो या कागदावरून त्या कागदावर सलग गेला. बनावट शिक्क्याला तो फराटा साधता आला नसता, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

"जुळतोय," प्रमुख सावकाश म्हणाले. "म्हणजे हाच तक्ता सोमवारी तुमच्याकडे आला. नऊचाच. कुणी बदललेला नाही."

"नाही."

"मग बाई..." त्यांना पुढे बोलायला जड गेलं. "मागच्या तक्त्याशी ताडून पाहिला होतात ना?"

धाकटा ताडकन उठला. "साहेब, ताईला बरं नाहीये. तिला बसू द्या."

"मला चांगलं बरं आहे. तू बस."

प्रमुखांनी पेन खाली ठेवलं. "हे लिहिलं तर तुमच्या विरुद्ध जाईल. अठ्ठावीस वर्षांचं काम आहे तुमचं. विचार करा, मी थांबतो."

"लिहा," बाई म्हणाल्या.

लेखनिकानं कागद पुढे ओढला. बाईंनी तारीख सांगितली, वार सांगितला, संध्याकाळचे सव्वापाच सांगितले. तक्ता नेटका दिसला म्हणून न वाचता शिक्का मारला, हेही त्याच आवाजात सांगितलं. लेखनिक मागे पडला तेव्हा त्या थांबल्या, आणि त्याचं लिहून झाल्यावर पुढे बोलल्या. धाकटा मध्येच येऊन त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिला. तो रडत होता, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना पुढे बोलताच आलं नसतं.

"अजून काही?" लेखनिकानं विचारलं.

"एकच ओळ," बाई म्हणाल्या. "जहाज मधोमध होतं. पायलटची चूक नव्हती."

लेखनिकानं ती ओळ लिहिली, आणि बाईंनी खाली सही केली.